कोरकूत 'आम्ही' चार आहेत : कोर्टातल्या दुभाष्यांविषयी खुलं पत्र

प्रति,
राज्यातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांचा कारभार पाहणारे, आणि त्या कारभाराला माणसं व पैसा पुरवणारे सर्व मान्यवर यांस,

सादर नमस्कार.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. घरची भाषा कोरकू, शाळेची मराठी, आणि या दोन्हींत माझा दिवस सारखाच जातो. सातपुड्यातल्या आमच्या भागात कोर्टाला कोरकूचा दुभाषी लागला की मुख्याध्यापकांच्या फोनवर निरोप येतो. गेली ११ वर्षं तो निरोप माझ्यापर्यंत पोहोचतोय आणि मी जातेय. मला कुणी नेमलेलं नाही, कुणी शिकवलेलं नाही, माझी परीक्षाही कुणी घेतलेली नाही. मला दोन भाषा येतात, एवढ्यावर माझ्या तोंडून माणसांचे जबाब कागदावर गेले आहेत.

मागच्या महिन्यात मी पहिल्यांदा नाही म्हटलं. शाळेत परीक्षा चालू होती, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटत होती. तिचं कारण पुढे लिहिते. "मॅडम, पाच मिनिटांचं काम आहे हो," असं पलीकडून दोनदा सांगण्यात आलं. मी गेले नाही. नंतर कळलं की त्या दिवशी आरोपीच्या पुतण्याला पुढे केलं. मुलगा नववीत आहे. चौथीपर्यंत माझ्याच वर्गात होता. काकाला जामिनाच्या अटी त्याने समजावून सांगितल्या म्हणे. संध्याकाळी तो माझ्याकडे आला आणि त्याने विचारलं, "मॅडम, हमीदार म्हणजे काय?"

हे पत्र त्या प्रश्नामुळे लिहितेय. एखाद्या कोर्टाचं किंवा साहेबांचं नाव घेऊन मला बोट दाखवायचं नाही. ज्या न्यायाधीशांसमोर मी उभी राहिले त्यातले बहुतेक माझ्याशी सौजन्याने वागले. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता, आणि तो ठेवणं हे तुमच्या हातात आहे.

भीतीचं कारण सांगते. काही वर्षांपूर्वी मारामारीचा एक खटला होता. आरोपी सात. कलमांमध्ये 'गैरकायद्याची मंडळी' होती, म्हणजे पाच किंवा त्याहून जास्त माणसं एका हेतूने जमली असा आरोप. नाल्यावर जमाव जमला आणि तिथून तो शेतात घुसला, असं सरकार पक्षाचं म्हणणं. साक्षीपुरावा संपला होता आणि न्यायाधीश एकेका आरोपीचा जबाब घेत होते. पाचव्या नंबरचा आरोपी साठीच्या पुढचा बाबा होता. त्याची मराठी बाजारापुरती. कठड्याला धरून उभा होता आणि प्रत्येक प्रश्नाला आधी माझ्याकडे बघायचा, मग साहेबांकडे. प्रश्न, उत्तर, प्रश्न, उत्तर. बहुतेक उत्तरं 'खरं नाही' किंवा 'माहीत नाही'. मग शेवटचा ठरलेला प्रश्न आला : तुम्हाला आणखी काही सांगायचं आहे का? बाबा म्हणाला, आम्ही तर नाल्यावर मासे धरत होतो. मी मराठीत सांगितलं, "आम्ही नाल्यावर मासे धरत होतो." स्टेनोने टाइप केलं. अंगठा झाला. पुढचा आरोपी.

परतीच्या एसटीत बसले तेव्हा बाबाचं वाक्य कानात घोळत होतं. घाट चढताना एकदम लक्षात आलं आणि पोटात गोळा आला.

कोरकूत 'आम्ही' चार आहेत. मी आणि तू, असे दोघं. मी आणि दुसरा कुणी, तू सोडून, असे दोघं. तुझ्यासकट आपण सगळे. तुला सोडून आम्ही सगळे. चौघांना चार वेगळे शब्द, आणि आमची तीन वर्षांची पोरंही त्यात चुकत नाहीत. मराठीत 'आपण' आणि 'आम्ही' एवढा भेद आहे, पण माणसं दोन की दहा हे त्या शब्दांत येत नाही. बाबाने दोघांचा शब्द वापरला होता. तो आणि आणखी एकच कुणीतरी, दोघं मासे धरत होते. मी त्याचं 'आम्ही' केलं. सात आरोपींच्या खटल्यात, नाल्यावर जमाव होता असा आरोप असताना, पाचव्या आरोपीच्या तोंडी मराठी कागदावर वाक्य उतरलं : आम्ही नाल्यावर होतो.

दुसऱ्या दिवशी मी बाबाच्या वकिलांना गाठलं. ते म्हणाले, आता जबाब झाला, बघू काय करता येतं. त्यांनी अर्ज दिला का, कोर्टाने तो घेतला का, मला माहीत नाही. निकाल काय लागला हेही कुणी कळवलं नाही. दुभाष्याला कुणी कळवत नसतं. बोलावलं, बोलून झालं, संपलं. मी विचारायला जायला हवं होतं आणि मी गेले नाही, हे मला आजही डाचतं.

त्या खोलीत दोन्ही भाषा येणारी मी एकटी होते. त्यामुळे माझी चूक पकडणारंही तिथे कुणी नव्हतं.

आता माझ्या तक्रारी. जशा आठवतील तशा मांडते.

पहिली आणि सगळ्यांत मोठी : दोन भाषा आल्या की दुभाष्याचं काम येतं, असं तुम्ही धरून चालला आहात. ते येत नाही. मला आलं नाही. समोरचा माणूस दोन मिनिटं सलग बोलतो, त्यात नातेवाइकांची नावं, दिशा, वेळ, कुणी कुणाला काय म्हटलं हे सगळं असतं, आणि ते एकही गोष्ट न गाळता, न वाढवता, न सुधारता दुसऱ्या भाषेत ठेवायचं असतं. त्यासाठी कान तयार करावा लागतो, टिपणं घ्यायची एक पद्धत असते, थांबवायचं कधी आणि कसं हे शिकावं लागतं. साधी गोष्ट सांगते. पहिली पाच वर्षं मी 'तो म्हणतो की' अशी सुरुवात करायचे. 'तो म्हणतो की तो त्याला म्हणाला की तो तिथे नव्हता.' यातला कुठला 'तो' कोण? कागदावर गुंता व्हायचा आणि साहेब वैतागायचे. एका वकीलबाईंनी मधल्या सुट्टीत चहा पिताना सांगितलं, अगं, दुभाष्याने साक्षीदाराच्या तोंडचं 'मी'च बोलायचं असतं. 'मी तिथे नव्हतो.' बस्स. जगभर हाच नियम आहे म्हणे. मला तो पाच वर्षांनी, चहाच्या टपरीवर कळला.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४५ मध्ये न्यूरेंबर्गला नाझी पुढाऱ्यांवर खटला चालला तेव्हा इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन अशा चार भाषांत काम व्हायचं होतं. दुभाष्यांना आधी चाचण्या द्याव्या लागल्या, आणि भाषा उत्तम येणारे कितीतरी जण त्यात मागे पडले. बारा-बारा जणांच्या तीन तुकड्या केल्या होत्या, कारण थकलेला दुभाषी चुकतो. बोलणारा फार घाईने बोलू लागला तर दुभाष्याने पिवळा दिवा लावायचा, बोलणं थांबवायचं असेल तर लाल. मी हे वाचलं तेव्हा त्या दिव्यांवरच अडकून पडले. दुभाष्याला 'जरा हळू' म्हणण्याचा अधिकार होता. मी सकाळी अकरापासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत एकटी उभी राहिलेय आणि 'परत सांगा' म्हणायला घाबरलेय.

दुसरी तक्रार कोर्टाच्या मराठीची. १९९८ मध्ये खालच्या कोर्टांची भाषा मराठी झाली, ती फार चांगली गोष्ट झाली, माझ्या मनात त्याबद्दल काही शंका नाही. पण उलटतपासातली मराठी ही वेगळीच चीज आहे. 'हे म्हणणे खरे नाही की, मी पोलिसांच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देत आहे.' हे वाक्य साक्षीदाराच्या तोंडी लिहिलं जातं. प्रत्यक्षात झालेलं असतं असं : वकील विचारतात, "तुम्ही पोलिसांच्या सांगण्यावरून खोटं बोलताय, हे खरं की नाही?" मी ते कोरकूत सांगते. बाई 'हो' म्हणते. हे 'हो' कशाला? खोटं बोलतेय याला, की 'नाही' या शब्दाला, की नुसतं प्रश्न कळला म्हणून? मान डोलवून 'हो' म्हणणं म्हणजे 'ऐकतेय, बोला' असंही आमच्याकडे असतं. मी परत विचारायला गेले की वकील म्हणतात, दुभाष्याने स्वतःचे प्रश्न विचारू नयेत. त्यांचंही बरोबर आहे. मग अशा वेळी दुभाष्याने काय करायचं, साहेबांना कुठल्या शब्दांत सांगायचं की उत्तर दोन अर्थांचं आहे? याचे ठरलेले रिवाज असतात. ते मला कुणी शिकवले नाहीत, आणि मला वाटतं, वकिलांनाही कुणी सांगितलेले नाहीत.

शब्दांचं तर विचारूच नका. दोषारोप वाचून झाला की विचारतात, "गुन्हा कबूल आहे का?" कोरकूत मला सहज येणारं वाक्य आहे, "तू हे केलंस का?" या दोन प्रश्नांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. भांडणात हात उचललेला माणूस दुसऱ्या प्रश्नाला 'हो, केलं' म्हणेल, आणि त्याच्या बाजूला कायद्याने काही बचाव असेल तर तो तिथेच बुडाला. जामीन, हमीदार, जातमुचलका, न्यायालयीन कोठडी आणि पोलीस कोठडी यांतला फरक, तडजोड, माफीचा साक्षीदार. प्रत्येक शब्दाला मी त्या-त्या वेळी सुचेल ते सांगत आले. आज एक, पुढच्या महिन्यात दुसरं. मराठीला न्यायाची भाषा करताना राज्याच्या भाषा संचालनालयाने न्यायव्यवहार कोश करून घेतला, कारण शब्द आधी ठरले नाहीत तर प्रत्येक कोर्टात वेगळी मराठी चालली असती. मग गोंडीने, कोरकूने, भिलीने काय घोडं मारलंय?

तिसरी तक्रार. मी नसते तेव्हा कोण असतं? मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगते : पट्टेवाला, वकिलांचा कारकून, बाहेर बाकावर बसलेला दुसऱ्याच खटल्यातला साक्षीदार, आणि एकदा त्याच पोलीस ठाण्याचा शिपाई ज्या ठाण्याने तपास केला होता. तो शिपाई भला माणूस होता, कोरकू उत्तम बोलायचा. पण आरोपीने 'मला मारलं' असं सांगायचं असेल तर ते त्याने कुणाच्या तोंडून सांगायचं? बाईच्या अब्रूच्या खटल्यात तर ऐकवत नाही. ज्या गोष्टी ती आईशीही बोलली नाही त्या गावच्याच एखाद्या पुरुषाच्या तोंडून भरल्या कोर्टात जाणार. ती गप्प बसते. कागदावर लिहिलं जातं की साक्षीदार उत्तर देत नाही.

चौथी तक्रार मी मोजक्या शब्दांत लिहिते. शपथ घेऊन जाणूनबुजून खोटं भाषांतर करणारा दुभाषी हा खोटी साक्ष देणाराच धरला जातो. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम १९१ मध्ये तर दुभाष्याचं हे उदाहरणच दिलेलं होतं, आणि न्यायालयीन कामात खोट्या साक्षीची शिक्षा सात वर्षांपर्यंत होती. नव्या भारतीय न्याय संहितेतही ती सात वर्षंच आहे. शिक्षा असावी, माझी हरकत नाही. पण दुभाष्याला कधी शिक्षा करायची हे १८६० च्या कायद्याला कळलं, आणि त्याला कसं घडवायचं याचा विचार आजही झालेला दिसत नाही, याचं वाईट वाटतं.

पैशांचं सांगायचं तर, कधी साक्षीदारासारखा भत्ता मिळाला, कधी नाही. एसटीचं भाडं बहुतेक वेळा पदरचं. शाळेत त्या दिवसाची रजा धरायची की कर्तव्यावर धरायचं याचा वाद मुख्याध्यापक दर वेळी नव्याने सोडवतात. यावर मला जास्त लिहायचं नाही, पण ज्या कामाला मोल नाही त्या कामाला माणसं टिकत नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. मी कायदा शिकलेली नाही, पण ११ वर्षं कोर्टात उभी राहिल्यावर चार कलमं वाचली आहेत.

फौजदारी खटला कसा चालवायचा ते सांगणारी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३१४ : आरोपीला न कळणाऱ्या भाषेत साक्ष होत असेल तर ती भर कोर्टात त्याला कळणाऱ्या भाषेत समजावून सांगितली पाहिजे. जुन्या संहितेत हेच कलम २७९ होतं. कलम ३१३ : साक्ष ज्या भाषेत झाली त्याहून वेगळ्या भाषेत लिहिली गेली असेल आणि साक्षीदाराला ती लिहिलेली भाषा कळत नसेल, तर लिहिलेलं त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगायचं. आरोपीच्या जबाबालाही असाच नियम आहे, कलम ३१६. आठवा बाबाचा जबाब. तो टाइप झाल्यावर मला परत कोरकूत सांगायला लावला असता तर? 'आम्ही नाल्यावर होतो' हे कोरकूत उलटं फिरवताना मला चारांतला एक 'आम्ही' निवडावाच लागला असता, आणि बाबाने तिथल्या तिथे मला थांबवलं असतं. कलम बरोबरच आहे. 'वाचून दाखविले, बरोबर आहे' एवढी ओळ छापून ते उरकलं जातं, तिथे घात होतो.

कलम ३१७ दुभाष्याबद्दलच आहे. ते म्हणतं की दुभाष्याने खरं भाषांतर करणं बंधनकारक आहे. दुभाषी कोण असावा, त्याला काय यावं, त्याला कोण तपासणार, यावर तिथे एक अक्षर नाही.

असं नाही की आपल्याकडे हे कुणाला सुचलंच नाही. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा २०१२ चा पोक्सो कायदा बघा. मुलाला भाषा कळत नसेल तर दुभाषी द्यायचा, त्याची पात्रता ठरवायची, त्याला मानधन द्यायचं, हे त्या कायद्यात लिहिलंय. २०२० च्या नियमांप्रमाणे जिल्हा बाल संरक्षण कक्षाने दुभाषे, भाषांतरकार, विशेष शिक्षक यांची नोंदवही ठेवायची असते. पात्रताही शहाणपणाने ठरवली आहे : ती मातृभाषा असेल, किंवा त्या भाषेत शाळा शिकली असेल, किंवा कामामुळे, त्या भागात राहिल्यामुळे भाषा आली असेल तरी चालतं. मूकबधिर साक्षीदारासाठीही कायदा दुभाष्याची मदत घ्यायला सांगतो आणि त्या साक्षीचं चित्रीकरण करायला सांगतो. मग कोरकू बोलणाऱ्या साठीच्या बाबाने काय करायचं? तो मूल नाही, आणि त्याला वाचा आहे. त्याची वाचा कोर्टाला कळत नाही, एवढंच.

सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सांगितलं की स्थानबद्ध केलेल्या माणसाला त्याची कारणं त्याला समजेल अशा भाषेतच कळवली पाहिजेत. इंग्रजी न येणाऱ्याच्या हातात इंग्रजी कागद देणं पुरेसं नाही. ज्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने १९७९ मध्ये मान्यता दिली, त्या नागरी व राजकीय हक्कांच्या कराराच्या कलम १४ मध्ये आरोपीला विनामूल्य दुभाषी मिळण्याचा हक्क आहे. अमेरिकेने १९७८ मध्ये कोर्टातल्या दुभाष्यांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि त्यांची परीक्षा सुरू केली. दक्षिण आफ्रिकेच्या राज्यघटनेत आरोपीला कळेल त्या भाषेत खटला चालण्याचा, नाहीतर तो त्याला दुभाष्याकडून समजावून मिळण्याचा हक्क लिहिलेला आहे.

आणि आपल्याला हे काम परकं आहे का? १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील, म्हणजे राजदूत, हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला तेव्हा त्यांच्या बाजूने बोलणी करायला नारायण शेणवी हे दुभाषी होते. मिठाच्या, कापडाच्या, नाण्यांच्या व्यवहारात एक शब्द इकडचा तिकडे होऊ नये म्हणून राज्यं दुभाषे पदरी ठेवत आली. माणसाच्या स्वातंत्र्याच्या व्यवहाराला तेवढी तरी किंमत असावी.

कुणी म्हणेल, किती लोकांचा प्रश्न आहे हा? २०११ च्या जनगणनेत देशात कोरकू ही मातृभाषा सांगणारे सव्वासात लाखांहून जास्त, गोंडी सांगणारे जवळपास ३० लाख, आणि भिली व तिच्या बोली सांगणारे एक कोटीच्या वर होते. हे सगळे महाराष्ट्रात नाहीत, पण महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या त्याच जनगणनेत एक कोटी पाच लाखांच्या घरात होती. भामरागड-एटापल्लीची माडिया, यवतमाळकडची कोलामी, धडगाव-अक्कलकुव्याची पावरी, नवापूरची मावची. यातली एकही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत नाही. माडिया, गोंडी, कोलामी या तेलुगू-कन्नडच्या कुळातल्या, कोरकू मुंडा कुळातली, संथाली-मुंडारीची बहीण. मराठीचा कान असलेल्याला 'थोडंफार कळतं' असं इथे होत नाही. आणि यातल्या सगळ्यांना मराठी येत नाही असं मी म्हणत नाही. माझ्या वर्गातली पोरं वर्षाभरात मराठी बोलू लागतात. पण भाजी घेण्यापुरती मराठी आणि उलटतपासापुरती मराठी यांत किती अंतर आहे, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

प्रत्येक जिल्हा न्यायालयाने आपल्या हद्दीत कोणत्या भाषा बोलल्या जातात त्याची यादी करावी आणि प्रत्येक भाषेसाठी किमान दोन स्त्रिया आणि दोन पुरुष दुभाषे नोंदवावेत. जिथे काम रोजचं आहे तिथे पक्की पदं असावीत, तालुक्याला निदान नोंदणीकृत यादी. भरतीची जाहिरात त्या-त्या भाषेत आकाशवाणीवरून आणि आठवडी बाजारात दवंडी दिल्यासारखी व्हावी. वेबसाइटवर टाकून मोकळं होऊ नये. पदवीची अट घालू नका. तोंडी परीक्षा घ्या, दोन्ही भाषांत, दोन परीक्षकांसमोर, त्यातला एक त्या भाषेचा जन्मजात बोलणारा. आमच्याकडे डी.एड. करून वर्षानुवर्षं भरतीची वाट बघणारी मुलं-मुली आहेत. आशाताई आहेत, अंगणवाडीच्या ताई आहेत, ज्या रोज डॉक्टर आणि आईच्या मध्ये उभ्या राहून हेच काम करतात. 'माणसं मिळत नाहीत' हे मला मान्य नाही. माणसं आहेत, त्यांना कुणी विचारलेलं नाही.

प्रशिक्षण द्या, आणि त्या काळात विद्यावेतन द्या. खटला कसा चालतो, कोण कुठे बसतं, सरतपास-उलटतपास म्हणजे काय इथून सुरुवात करा. टिपणं, स्मरण, 'मी'चा नियम, दोन अर्थांचं उत्तर आलं तर साहेबांना कसं सांगायचं, गुप्तता, आणि ओळखीतला माणूस समोर आला तर 'हे काम मी करू शकत नाही' कसं म्हणायचं. लुटुपुटूचा खटला उभा करून सराव करून घ्या. यासाठी नवी इमारत लागत नाही. उत्तनला न्यायिक अकादमी आहे, पुण्याला आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, गडचिरोलीला विद्यापीठ आहे. या तिघांना एका टेबलाशी बसवा. आणि न्यायाधीश, सरकारी वकील व वकील मंडळींनाही एक दिवस द्या, दुभाष्यामार्फत प्रश्न कसा विचारायचा हे शिकायला. छोटं वाक्य, एका वेळी एक प्रश्न, दुहेरी नकार नाही.

प्रत्येक भाषेची शब्दसूची करा. दीडदोनशे शब्दांपासून सुरुवात होईल. त्यासाठी गावातली म्हातारी माणसं बोलवा, कारण पंचायतीत न्यायनिवाडा करताना ती जे शब्द वापरतात त्यातले निम्मे माझ्या पिढीला येत नाहीत.

दुभाष्यामार्फत होणाऱ्या प्रत्येक साक्षीचं आणि जबाबाचं मूळ भाषेसकट ध्वनिमुद्रण व्हावं. साक्ष दृक्श्राव्य साधनांनी नोंदवायची मुभा कायद्यात २००९ पासूनच आहे. मुद्रण असेल तर चूक शोधता येते, सुधारता येते, आणि दुभाष्यालाही रात्री झोप लागते.

तपास करणाऱ्या ठाण्यातला कुणीही, पक्षकारांचा नातेवाईक, आणि अल्पवयीन मूल यांना दुभाषी म्हणून उभं करू नये, असं परिपत्रक काढा. याला पैसा लागत नाही, वेळ लागत नाही. हे उद्या होऊ शकतं. लांबच्या जिल्ह्यात त्या भाषेचा दुभाषी नसेल तर व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर दुसऱ्या जिल्ह्यातला घ्या. तारखा आता त्यावर चालतातच.

दिवसाचा दर ठरवा, प्रवासखर्च द्या, आणि तो महिन्याच्या आत द्या. नोकरीतल्या माणसाची ती हजेरी कर्तव्यावर धरा.

भाषांतराची यंत्रं येताहेत, ती हे काम करतील, असंही मला एका शिकलेल्या माणसाने सांगितलं. येऊ देत, शब्दसूचीला त्यांचा उपयोग होईल. पण बाबा कठड्याला धरून उभा होता तेव्हा प्रत्येक उत्तराआधी त्याने माझ्याकडे बघितलं होतं. त्याला खात्री करून घ्यायची होती की मला कळलंय.

नववीतल्या त्या मुलाला मी हमीदार म्हणजे काय ते सांगितलं. मराठीत, आणि मग आम्ही दोघांनी मिळून कोरकूत त्याला शब्द शोधला. तो माझ्या वहीत लिहून ठेवलाय. गेल्या काही वर्षांत कोर्टात अडलेला प्रत्येक शब्द मी त्या वहीत टिपत आलेय, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कोरकू, आणि जिथे खात्री नाही तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह. १६३ शब्द झालेत. ४१ ठिकाणी अजून पेन्सिल आहे. तुम्ही प्रशिक्षणाची पहिली तुकडी काढाल तेव्हा मी विद्यार्थिनी म्हणून बसायला तयार आहे, सुट्टी काढून. वही सोबत आणीन.

आपली,
कोरकू आणि मराठी बोलणारी एक प्राथमिक शिक्षिका